प्रवेश-परीक्षेचा निकाल आणि दाद मागण्याचा निर्णय



निवासी शाळांच्या प्रवेश-परीक्षांचे निकाल लागले की गावोगावच्या प्राथमिक शाळांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. पालक यादीची छापील प्रत किंवा हातातील मोबाईल घेऊन शाळेत येतात. यादीत मुलाचे नाव नसते. "गुरुजी, पेपर चांगला गेला असे पोर सांगत होते. मग नाव कसे आले नाही? आता वर अर्ज करता येईल काय?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर देणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. 'अर्ज करा' असे सांगितले, तर एका कुटुंबाचे कित्येक आठवडे, पदरचे पैसे आणि मुलाची मनःशांती त्यात गुंतते. 'सोडून द्या' असे सांगितले आणि चूक खरोखरच कोठे तरी नोंदीत झालेली असली, तर मुलाच्या हक्काची जागा हातची जाते. खेड्यातील पालकांना सल्ला देण्यास वकील नसतो. तो सल्ला शिक्षक देतात, सरपंच देतात, पंचायत समितीतील अधिकारी देतात. यास्तव दाद केव्हा मागावी, कोणत्या मुद्द्यावर मागावी आणि केव्हा थांबावे याचा विचार या सर्वांनी आधीच करून ठेवणे आवश्यक आहे.

परीक्षांचे स्वरूप

महाराष्ट्रातील ग्रामीण मुलांच्या दृष्टीने या प्रकारच्या तीन परीक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली जवाहर नवोदय विद्यालयाची. या विद्यालयांची योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि प्रायोगिक स्वरूपात जी पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावती येथे होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेस व्यापक रूप दिले. सहावीच्या वर्गात एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. त्यांपैकी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असून एक-तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च शासन करते. शेतमजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी सहावीपासून बारावीपर्यंतच्या सात वर्षांचा हा आधार किती मोठा वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको. त्यातच या परीक्षेस सहावीच्या प्रवेशासाठी एकदाच बसता येते, दुसऱ्यांदा संधी नाही. निकालानंतरची हुरहुर तीव्र असते ती त्यामुळेच.

दुसरी परीक्षा सैनिकी शाळांची. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. या शाळांची अखिल भारतीय प्रवेश-परीक्षा २०२१ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत घेतली जाते.

तिसरी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. ती प्रामुख्याने शिष्यवृत्तीसाठी असली, तरी शासकीय विद्यानिकेतनांतील प्रवेशही तिच्याशी जोडलेला राहिला आहे. पूर्वी चौथी व सातवीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला होऊ लागली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर नेण्याचा निर्णय घेतला.

तिन्ही परीक्षांत एक गोष्ट समान आहे. मुलाने योग्य पर्यायाचे वर्तुळ काळे करावयाचे आणि उत्तरपत्रिका यंत्राने तपासावयाची. निबंध नाही, पायऱ्यांचे गुण नाहीत, परीक्षकाची मर्जी नाही. नवोदयच्या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न व १०० गुण असतात. म्हणजे एका प्रश्नाचे सव्वा गुण होतात. शिष्यवृत्ती परीक्षेत ७५ प्रश्नांचे व १५० गुणांचे दोन पेपर असतात. दाद मागण्याच्या प्रश्नाचा विचार करताना तपासणीचे हे स्वरूप सतत डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

'दाद' या शब्दाचा अर्थ

अपील म्हटले की पालकांच्या मनात न्यायालयातल्यासारखे चित्र उभे राहते. कोणी एक वरिष्ठ अधिकारी आपले म्हणणे ऐकून घेईल, मुलाची हुशारी पाहील आणि निकाल फिरवील, अशी त्यांची कल्पना असते. अशी व्यवस्था जगात कोठेच नाही असे नव्हे. इंग्लंडमध्ये प्रवेश-परीक्षा घेणाऱ्या ग्रामर स्कूलने मुलास नाकारले, तर पालकांस स्वतंत्र अपील-मंडळापुढे जाता येते. त्या मंडळावर शाळेशी संबंध नसलेल्या किमान तीन व्यक्ती असतात आणि त्यांचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. तेथे मुलाच्या पूर्वीच्या शाळेतील प्रगतीचा पुरावा व शिक्षकांचे अभिप्राय विचारात घेतले जातात. तथापि, त्या मंडळालाही मुलाची नव्याने परीक्षा घेता येत नाही.

आपल्याकडील परीक्षांत असे मंडळ नाही. येथे निवड गुणांनुसार व ठरलेल्या आरक्षणानुसार होते. त्यामुळे 'मुलगा वर्गात पहिला आहे' अशा आशयाचे मुख्याध्यापकांचे पत्र, लोकप्रतिनिधींची शिफारस किंवा गावकऱ्यांच्या सह्यांचे निवेदन यांचा निकालावर परिणाम होण्याची सोय नियमांत नाही. अशी पत्रे देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु पत्र दिल्याने पालकांची आशा वाढते, ते मुंबई-पुण्याच्या फेऱ्या करतात आणि शेवटी हाती काही लागत नाही.

आपल्याकडे दाद मागण्याचे जे मार्ग आहेत ते मर्यादित आणि वेगवेगळे आहेत. उत्तरसूचीवर आक्षेप, गुणपडताळणी, अर्जातील नोंदीची दुरुस्ती, माहितीच्या अधिकाराचा अर्ज, तक्रार-निवारणाची संकेतस्थळे आणि अखेरीस उच्च न्यायालयातील रिट अर्ज असे ते मार्ग होत. यांपैकी कोणता मार्ग कोणत्या परीक्षेस लागू आहे, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावे लागते.

गुणांविषयीची तक्रार

गुणांविषयीच्या तक्रारींत तीन गोष्टींची गल्लत होते. प्रश्नाचे अधिकृत उत्तरच चुकले आहे, ही एक तक्रार. उत्तर बरोबर आहे, परंतु मुलाच्या उत्तरपत्रिकेवरून गुण मोजताना चूक झाली, ही दुसरी. उत्तर व मोजणी दोन्ही बरोबर असून मुलास अधिक गुण मिळावयास हवे होते असे वाटते, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारींना काही परीक्षांत जागा आहे. तिसरीला कोठेच नाही.

उत्तरसूचीवरील आक्षेप निकालापूर्वीच घ्यावा लागतो. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते व आक्षेप मागविते. सैनिकी शाळांच्या परीक्षेत तात्पुरत्या उत्तरसूचीबरोबर मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमाही पाहावयास मिळते आणि शुल्क भरून आक्षेप नोंदविता येतो. ही मुदत फार थोड्या दिवसांची असते. अंतिम उत्तरसूची निघाल्यावर मात्र तेथे फेरतपासणी होत नाही. आक्षेप घेताना 'हे उत्तर चूक वाटते' एवढे पुरत नाही. पाठ्यपुस्तकातील पृष्ठ दाखवावे लागते किंवा गणित सोडवून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात हेच तत्त्व सांगितले. उत्तरसूची बरोबर आहे असे धरून चालावे आणि ती चूक असल्याचे स्पष्टपणे सिद्ध झाले तरच तीत हस्तक्षेप करावा, असा त्याचा आशय आहे. पुढे २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात, शंका असल्यास तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेस द्यावा आणि सहानुभूतीवरून निकाल बदलू नयेत, असेही त्या न्यायालयाने म्हटले.

गुणपडताळणीची सोय शिष्यवृत्ती परीक्षेत आहे. प्रथम अंतरिम निकाल लागतो, त्यानंतर शाळेमार्फत ऑनलाईन अर्ज करता येतो आणि पडताळणी झाल्यावर अंतिम निकाल जाहीर होतो. हा अर्ज केव्हा करावा, याची एक व्यावहारिक खूण शिक्षकांनी लक्षात ठेवावी. मुलास दोन्ही पेपरांत अपेक्षेपेक्षा थोडे थोडे कमी गुण पडले असतील, तर बहुधा चूक कोठेच झालेली नसते. दहा वर्षांचे मूल परक्या केंद्रावर, घड्याळाच्या धाकात थोडे मागे पडते, इतकेच. परंतु एका पेपरात उत्तम आणि दुसऱ्यात एकदम चौथाईच्या आसपास गुण असतील, तर थांबून विचार करावा. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असताना डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरीने एक-चतुर्थांश उत्तरे बरोबर येतात. म्हणजे ७५ प्रश्नांपैकी सुमारे १९ उत्तरे आणि १५० पैकी सुमारे ३८ गुण. हुशार मुलाचा एकच पेपर या पातळीवर उतरला, तर प्रश्नपत्रिकेच्या संचाची खूण चुकीची झाली, एक प्रश्न सुटून पुढील सर्व उत्तरे एकेक घर सरकली किंवा बैठक क्रमांक भरताना घोटाळा झाला, अशी शक्यता असते. अशा वेळी पडताळणीचा अर्ज करणे योग्य ठरते. चूक मुलाच्याच हातून झालेली निघाली, तर ती सुधारली जाईलच असे नाही; तरीही कारण कळते आणि 'पोराला काहीच येत नाही' हा गैरसमज दूर होतो.

आठवीच्या स्तरावरील शिष्यवृत्ती परीक्षेत आणखी एक गोष्ट पालकांस ठाऊक नसते. तेथे काही प्रश्नांची दोन उत्तरे बरोबर असत आणि दोन्ही नोंदविली तरच गुण मिळत. एकच उत्तर नोंदवून आलेला मुलगा घरी येऊन 'बरोबर लिहिले' असे प्रामाणिकपणे सांगतो. घरी मोजलेले गुण आणि जाहीर झालेले गुण यांत त्यामुळे तफावत पडते आणि संशय वाढतो. गुणांची घरगुती बेरीज करण्यापूर्वी गुणदानाचा नियम वाचावा, हे सांगण्याचे काम शिक्षकांचेच आहे.

नवोदयच्या परीक्षेत मात्र गुणांच्या फेरतपासणीचा मार्ग पालकांस खुला नाही. तेथे 'एक-दोन गुणांनी गेले असेल, पुन्हा तपासा' असा अर्ज करण्यात काही अर्थ नाही.

गुणांचे पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा उपजत हक्क आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातच उपस्थित झाला होता. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्णय दिला की, नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्काने मागता येत नाही. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाखाली परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे स्थिती स्पष्ट होते. पाहण्याचा हक्क आहे. पुन्हा तपासून घेण्याचा हक्क नियम देईल तेवढाच आहे. शिवाय माहितीच्या अर्जाला उत्तर देण्यास ३० दिवसांची मुदत असते. प्रवेशाची प्रक्रिया तोवर बरीच पुढे गेलेली असते. म्हणून हा मार्ग शंका-निरसनासाठी उपयुक्त आहे; जागा मिळविण्यासाठी त्यावर विसंबू नये.

नोंदीतील चूक

दाद मागण्यास खरा आधार बहुतेक वेळा गुणांत नसतो, नोंदीत असतो. मूल ग्रामीण आहे की शहरी, त्याचा प्रवर्ग कोणता, जन्मतारीख कोणती, ते तिसरी ते पाचवी कोठे शिकले, या गोष्टी कागदाने सिद्ध होतात. त्यांत चूक झाली असेल तर ती दाखविता येते आणि दाखविली पाहिजे.

नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. त्या काळात एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत नाव असले, तरी मूल शहरी गणले जाते. आता आपल्याकडे अनेक तालुक्यांच्या ठिकाणी पूर्वीच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आहेत. गाव दिसावयास तेच, शाळा तीच, शेते तीच. परंतु शासनाच्या अधिसूचनेने ते क्षेत्र शहरी झालेले असते. याउलट, नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर असलेल्या वस्तीशाळेतील मुलाच्या अर्जात तालुक्याचे नाव पाहून कोणी 'शहरी' असे भरून टाकतो. पहिल्या प्रकारात निवड होऊनही कागदपत्रांच्या तपासणीत प्रवेश नाकारला जातो. दुसऱ्या प्रकारात मूल ग्रामीण जागांच्या विचारातूनच वगळले जाते. दोन्ही ठिकाणी मुलाचा दोष काडीचाही नसतो.

प्रवर्गाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. विमुक्त जाती व भटक्या जमाती हे महाराष्ट्राच्या यादीतील स्वतंत्र प्रवर्ग आहेत. केंद्राच्या आरक्षणात ते तसे नाहीत. त्यांतील ज्या जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, त्यांना त्या प्रवर्गातून अर्ज करावा लागतो आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात असावे लागते. राज्याचे प्रमाणपत्र हाती आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या पालकांस ऐनवेळी धावपळ करावी लागते.

या चुका दुरुस्त करण्याची संधी बहुधा निकालापूर्वीच मिळते. नवोदयचे अर्ज भरण्याची मुदत संपली की क्षेत्र, प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व व परीक्षेचे माध्यम यांतील दुरुस्तीसाठी काही दिवस दिले जातात. शिष्यवृत्ती परीक्षेत अंतरिम निकालानंतरही नाव, ग्रामीण-शहरी इत्यादी नोंदींच्या दुरुस्तीसाठी शाळेच्या लॉगिनमधून अर्ज करता येतो. परंतु हे दिवस गाजावाजा न करता येतात आणि जातात. मुख्याध्यापकांनी ते पाहिले नाहीत, तर पालकांस ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

निर्णय कसा घ्यावा

दोन उदाहरणे कल्पनेने समोर ठेवू. एका शाळेतील मुलगा नवोदयच्या यादीत आला नाही. वडिलांचे म्हणणे असे की, शेजारच्या वाडीतील त्याच्यापेक्षा कच्चा मुलगा निवडला गेला. शिक्षकांनी चौकशी केली तेव्हा आढळले की, अर्ज बरोबर भरला होता, प्रवेशपत्रावरील सर्व नोंदी बिनचूक होत्या आणि तो दुसरा मुलगा वेगळ्या प्रवर्गातील जागेवर निवडला गेला होता. येथे दाद मागण्यास मुद्दाच नाही. वडिलांचे दुःख खरे आहे, मुलाची हुशारीही खरी आहे. परंतु हजारो अर्जांतून ८० मुले निवडताना गुणवान मुले मागे राहणारच. जागांची ही टंचाई कोणत्याही अर्जाने दूर होणारी नाही.

त्याच शाळेतील एक मुलगी. तिसरीपासून ती जिल्हा परिषदेच्या वाडीवरील शाळेत शिकली. तिच्या प्रवेशपत्रावर मात्र 'शहरी' अशी नोंद आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, तिन्ही वर्षांची हजेरी आणि गावाचे क्षेत्र ग्रामीण असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हे सर्व कागद तिच्या बाजूने आहेत. दुरुस्तीची मुदत टळली असल्याने यश मिळेलच असे सांगता येणार नाही. तरीसुद्धा येथे अर्ज करणे हे शाळेचे कर्तव्य ठरते, कारण चूक मोठ्या माणसांची असून ती कागदावर दाखविता येते.

या दोन उदाहरणांतील फरक हाच निर्णयाचा कस होय. मूल किती हुशार आहे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कोणती नेमकी चूक झाली, ती कोणत्या कागदाने सिद्ध होते, ती सुधारल्यास निकाल बदलण्याची शक्यता आहे काय आणि त्यासाठीची मुदत शिल्लक आहे काय, हे चार प्रश्न पालकांबरोबर बसून क्रमाने विचारावेत. चारही उत्तरे अनुकूल असतील, तर विलंब न करता लेखी अर्ज करावा. पहिल्या दोहोंचे उत्तरच नसेल, तर तेथेच थांबावे.

अर्ज करावयाचे ठरले, तर तो एका पानात बसेल एवढाच असावा. मुलाचा नोंदणी क्रमांक व बैठक क्रमांक, कोठे कोणती नोंद चुकली, खरी नोंद कोणती आणि सोबत कोणते पुरावे जोडले आहेत, एवढे त्यात पुरे. नवोदयसाठी तो जिल्ह्यातील विद्यालयाच्या प्राचार्यांकडे द्यावा व वरिष्ठ कार्यालयास प्रत पाठवावी. पोच घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी. न्यायालयात जाण्याची वेळ क्वचितच येते. तशी आलीच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार बालकांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कर्ज काढून वकील करू नये.

आणखी दोन सूचना. प्रतीक्षा-यादी ही वेगळी बाब आहे. निवड झालेली काही मुले प्रवेश घेत नाहीत आणि त्यांच्या जागा प्रतीक्षा-यादीतून भरल्या जातात. त्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत नाहीत. अर्जात दिलेला दूरध्वनी क्रमांक चालू ठेवला आणि विद्यालयाच्या सूचनांवर लक्ष ठेवले म्हणजे पुरे. दुसरे असे की, निकालानंतरच्या याच दिवसांत 'वरून काम करून देतो' असे सांगणारे मध्यस्थ गावात फिरू लागतात. पैशाने मिळणारी जागा या शाळांत नाही, हे ग्रामसभेत उघडपणे सांगावे आणि कोणी पैसे मागितले तर पोलिसांत तक्रार द्यावी.

मुलाच्या मनाचा विचार

दाद मागण्याच्या खटाटोपात ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे, त्या मुलाकडे दुर्लक्ष होते. घरात महिनाभर अर्ज, कार्यालये आणि अन्याय यांचीच चर्चा चालू राहिली, तर मुलाच्या मनावर दोन संस्कार होतात. आपण घराला खाली पाहावयास लावले, हा एक. आणि आपला काही दोष नसून जग आपल्यावर अन्याय करते, हा दुसरा. दहाव्या वर्षी हे दोन्ही घातक आहेत. म्हणून अर्ज करावयाचा असला, तरी तो मोठ्यांनी करावा आणि मुलास साध्या शब्दांत सांगावे की, कागदात चूक झाली आहे काय ते आम्ही पाहत आहोत; तू आपला अभ्यास कर. करावयाचा नसला, तर तेही स्पष्ट सांगावे. अर्धवट आशेवर ठेवलेले मूल नव्या वर्गात मनापासून बसत नाही.

निर्णय काहीही होवो, सहावीतील प्रवेश अडवून ठेवू नये. उत्तराची वाट पाहत जून-जुलै गेले आणि मूल घरी राहिले, असे होता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास जवळच्या शाळेतील शिक्षणाचा हक्क दिला आहे. निवडक शाळेची यादी तो हक्क काढून घेत नाही. पुढचे दरवाजेही बंद होत नाहीत. नवोदयमध्ये नववीच्या रिक्त जागांसाठी वेगळी परीक्षा होते आणि सैनिकी शाळांतही नववीच्या प्रवेशाची परीक्षा असते. सहावीची संधी हुकलेल्या मुलास तीन वर्षांनी, अधिक जाणत्या वयात, पुन्हा प्रयत्न करता येतो.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

निकालानंतरच्या बहुतेक तक्रारी अर्ज भरतानाच टाळता येण्यासारख्या असतात. यासाठी शाळांनी व ग्रामपंचायतींनी काही साध्या प्रथा पाडाव्यात. भरलेल्या अर्जाची छापील प्रत पालकांच्या हाती द्यावी आणि प्रत्येक नोंद त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. निरक्षर पालकांच्या बाबतीत तर हे अगत्याचे आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदणीतील नाव व तारीख आणि शाळेच्या रजिस्टरातील नाव व तारीख मूल तिसरीत असतानाच ताडून पाहावी. तफावत असल्यास दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळतो. गावाचे क्षेत्र ग्रामीण की शहरी, याविषयी शंका असेल तर तहसील कार्यालयाकडून आधीच खुलासा घ्यावा. उत्तरसूची, दुरुस्ती आणि गुणपडताळणी यांच्या तारखा शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. उत्तरपत्रिकेचे नमुने छापून घेऊन मुलांकडून वर्तुळे भरण्याचा सराव करून घ्यावा, म्हणजे यंत्राला न वाचता येणाऱ्या खुणांमुळे गुण जाणार नाहीत.

गटशिक्षणाधिकाऱ्यांनीही निकालानंतर आठ दिवसांच्या आत तालुक्यातील अशा शंकांसाठी एक दिवस राखून ठेवावा. शंभर पालक आले, तर त्यांपैकी बहुतेकांस 'आपल्या मुलाची नोंद बरोबर आहे, दाद मागण्यास मुद्दा नाही' एवढेच ऐकावयास मिळेल. परंतु ते जबाबदार अधिकाऱ्याच्या तोंडून, कागद समोर ठेवून ऐकावयास मिळाले, तर संशय उरत नाही. आणि ज्या एक-दोघांची नोंद खरोखरच चुकली असेल, त्यांचा अर्ज मुदतीत रवाना होईल.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची धुरा त्यांच्याकडे आली. आजही खेड्यातील बहुसंख्य मुले या शाळांतून आणि आसपासच्या माध्यमिक विद्यालयांतूनच पुढे जातात. निवडक शाळांत जाणाऱ्या ८० मुलांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु परत वर्गात येऊन बसणाऱ्या मुलाचे स्वागतही त्याच आपुलकीने झाले पाहिजे. ज्या मुलाने या परीक्षेसाठी वर्षभर गणित व भाषेचा कसून अभ्यास केला, तो गावातील सहावीच्या वर्गाला मिळालेला एक तयारीचा विद्यार्थी आहे. त्याच्या शिक्षकांनी जून महिन्यात पहिल्याच दिवशी त्याला पुढच्या अभ्यासास लावावे. दाद मागण्याचा अर्ज कार्यालयात पडून राहिला, तरी या कामाला कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.